माणसे घडविणारा कारखानदार : लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. लोखंडी नांगराचे कारखानदार म्हणून त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. परंतु नांगर घडविण्यापूर्वी लक्ष्मणराव स्वतः नोकरदार होते, आणि हक्काची बढती हुकल्याचे शल्य त्यांनी अनुभवले होते, ही गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. त्यांच्या पुढील कर्तृत्वाचा अर्थ लावताना मात्र ती विसरून चालणार नाही.

शालेय अभ्यासात लक्ष्मणरावांचे मन रमत नसे. त्यांना ओढ होती ती चित्रांची आणि यंत्रांची. वडीलबंधू रामूअण्णांच्या पाठबळावर १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोनच वर्षांत असे आढळून आले की, काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होण्याची आशा तेथे संपली. तरीही रेषेवरची त्यांची हुकमत कायम होती. यांत्रिक आरेखनात त्यांनी प्रावीण्य मिळविले आणि त्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी लाभली. शिकवता शिकवता ते स्वतः शिकत राहिले. यंत्रांची पुस्तके वाचावीत आणि कार्यशाळेत हात काळे करून ती पडताळून पाहावीत, असा त्यांचा क्रम होता.

अशा माणसाला बढतीची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. जागा रिकामी झाली, पण ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. त्या काळच्या सरकारी व निमसरकारी व्यवहारात अशा निर्णयाविरुद्ध दाद मागण्यासारखे दारच नव्हते. आपण कोठे उणे पडलो आणि पुढे आपल्याला वाट आहे की नाही, हे खालच्या माणसाला सांगण्याचे बंधन वरिष्ठावर नव्हते. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास आले.

बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान होते. १८८८ हे वर्ष किर्लोस्कर उद्योगाचे आरंभवर्ष मानले जाते. सायकलींची विक्री व दुरुस्ती करता करता लक्ष्मणराव शेतीच्या अवजारांकडे वळले. त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले, मग लोखंडी नांगर. लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष भिनते असा समज शेतकऱ्यांत होता, त्यामुळे सुरुवातीला नांगर खपायला बराच काळ लागला. व्यवसाय जरा स्थिरावतो तोच नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे त्यांना बेळगावातील कारखान्याची जागा सोडावी लागली. अशा वेळी औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास आले. कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर ओसाड जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज या भांडवलावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. त्या माळावर होते ते निवडुंग आणि साप.

या माळावर यायला पदवीधर अभियंते कोठून तयार होणार? जी माणसे आली त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती प्रमाणपत्र नव्हते. शंभूराव जांभेकरांचे शिक्षण अर्धवट राहिले होते. ते नामांकित यंत्रज्ञ झाले. अनंतराव फळणीकरांनीही शाळा सोडलेली होती. नवनव्या कल्पना लढविणारे अभियंते म्हणून त्यांची ख्याती झाली. परीक्षेत अपयशी ठरलेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापक झाले आणि कोणत्याही अडचणीतून मार्ग काढणारे म्हणून ओळखले जाऊ लागले. मंगेशराव रेगे मुख्य कारकून व हिशेबनीस झाले. तुरुंगवास भोगून आलेल्या दोघा जणांवर तर वसाहतीच्या राखणीचे काम सोपविण्यात आले आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला.

ही केवळ दयाबुद्धी नव्हती. वाडीत मालक आणि कामगार एकाच वस्तीत राहत. रामूअण्णा वसाहतीची व्यवस्था पाहत, तर लक्ष्मणराव कारखान्यात वावरत. मालक इतका जवळ असला म्हणजे कोणाचे काम कसे चालले आहे हे त्याला दुसऱ्याकडून ऐकावे लागत नाही, आणि कामगारालाही आपली अडचण चार पायऱ्या चढून सांगावी लागत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बढती कशाने मिळते हे सर्वांच्या डोळ्यांपुढे होते. शाळा सोडलेला सहकारी यंत्रज्ञ झालेला दिसला की, भट्टीवरच्या पोरालाही आपल्यापुढची वाट दिसते. वाडीत अस्पृश्यता पाळण्यास लक्ष्मणरावांनी मनाई केली होती, हेही याच संदर्भात लक्षात घेतले पाहिजे. जेथे जन्मावरून माणसाची जागा ठरते, तेथे उत्कर्षाविषयीचे मोकळे बोलणे व्यर्थच असते.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती लिखित नियमांत बांधलेली नव्हती. ती एका माणसाच्या पारखीवर आणि त्याच्या जवळिकीवर उभी होती. मालकाला प्रत्येक चेहरा ओळखता येतो तोवर हा संवाद सहज चालतो. उद्योग अनेक गावी पसरला म्हणजे त्याची जागा नियमांना, लेखी नोंदींना आणि कामगारांच्या संघटनांना घ्यावी लागते. तरीही नियमांमागे जे मन असावे लागते, त्याचा नमुना वाडीने घालून दिला.

१९२० साली वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. कारखान्याची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचविण्यासाठी निघालेले हे पत्र शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही त्याची भावंडे. मराठी वाचनालयांच्या टेबलांवर पिढ्यान्‌पिढ्या हाताळली गेलेली ही मासिके एका कारखान्याच्या आवारातून आली, याचे वाचकांना आजही कौतुक वाटावे.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. पूर्वीच्या कुंडल रोड स्थानकाला आज किर्लोस्करवाडी हेच नाव आहे. आपल्या भागात जन्मलेल्या या पुरुषाचे स्मरण करताना यंत्रांबरोबर माणसांचाही हिशेब मांडावा. एका संस्थेने आपल्याला पुढची वाट दाखविली नाही, म्हणून त्यांनी ती संस्था सोडली. आणि स्वतःच्या हाती अधिकार आला तेव्हा तशीच वाट न मिळालेल्या माणसांना ती मोकळी करून दिली. ज्यांच्या हाताखाली आज चार माणसे काम करतात, त्या प्रत्येकाने आपल्या अंगणात हा हिशेब तपासून पाहण्यासारखा आहे.