रसगुल्लेवाले नवीनचंद्र दास

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र मी लिहावे असे कार्यकारिणीने ठरविले, तेव्हा मला प्रथम घामच फुटला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढाऱ्यांची आणि साधुसंतांची चरित्रे लिहिणाऱ्या शिकलेल्या भगिनी आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. तेव्हा ज्यांचे सारे आयुष्य कढईपाशी गेले अशा एका गृहस्थांचे चरित्र मी निवडले आहे. त्यांचे नाव फारशा भगिनींनी ऐकलेले नसेल, परंतु त्यांचा पदार्थ खाल्लेला नाही अशी एकही भगिनी सापडणार नाही. एक खाऊन पुरे म्हणणारीही सापडणार नाही! ते गृहस्थ म्हणजे कलकत्त्याचे श्री. नवीनचंद्र दास. बंगाली माणसे त्यांना नोबिनचंद्र म्हणतात.

मला ही माहिती मिळाली ती आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका बंगाली बिऱ्हाडामुळे. त्या बाईंना आम्ही सगळ्या दीदी म्हणत असू. एकदा उन्हाळ्यात माझे लिटरभर दूध तापवता तापवता नासले. आपल्याकडे दूध नासले म्हणजे घरधनीण कपाळाला हात लावते. सणावारी नासले तर अपशकुन म्हणून सासूबाई दोन शब्द सुनावतात ते वेगळेच. मी पातेले घेऊन मोरीकडे निघाले होते, तोच दीदी आल्या आणि त्यांनी माझ्या हातातून पातेले जवळजवळ हिसकावूनच घेतले. त्यांच्या मुलुखात मुद्दाम दूध नासवतात आणि त्यातूनच सगळी नामांकित मिठाई होते, हे मला त्या दिवशी कळले.

नासवलेल्या दुधाचा जो मऊ चोथा राहतो त्याला बंगालीत छाना म्हणतात. पूर्वी आपल्या देशात मुद्दाम दूध फोडणे बऱ्याच ठिकाणी निषिद्ध मानीत. सतराव्या शतकात हुगळी नदीच्या काठी पोर्तुगीज लोकांची वस्ती होती. ते दूध फोडून चीज करीत आणि त्यांचे पाहून बंगाली हलवाई छाना वापरू लागले, असे मत अन्नाचा इतिहास लिहिणारे के. टी. अच्चया यांनी मांडले आहे. नवीनचंद्रांच्या काळापर्यंत छान्याचा संदेश बंगालात घरोघर माहीत झाला होता. संदेश म्हणजे छाना आणि साखर एकत्र परतून केलेली कोरडी मिठाई, साधारण आपल्या पेढ्याच्या जातीची.

नवीनचंद्रांचा जन्म १८४५ सालचा. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या साखरेचा व्यापार करणारे. परंतु नवीनचंद्र आईच्या पोटात असतानाच त्यांचे वडील वारले आणि घरची परिस्थिती उतरत गेली. बापाचे तोंड न पाहिलेला मुलगा आणि पदरात तान्हे मूल असलेली तरुण विधवा! त्या काळी अशा बाईचे काय हाल होत असतील ते मी सांगायला नको. मोठ्या माणसांच्या चरित्रात आईविषयी एकच ओळ असते, आणि इथेही तसेच झाले आहे. या माउलीने मुलगा वाढविला एवढेच आपल्यापर्यंत पोचले.

मुलाचे फारसे शिक्षण झाले नाही आणि भांडवलही नव्हते. तेव्हा ज्या घराण्याने साखर विकली त्या घराण्यातला मुलगा साखरेचा पाक करायला बसला. १८६४ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने कलकत्त्याच्या जोडासांको भागात मिठाईचे दुकान काढले. रवींद्रनाथ ठाकुरांचा वाडा आहे तोच हा भाग. हे दुकान चालले नाही. दोन वर्षांनी, १८६६ साली, त्याने बागबाजारात दुसरे दुकान मांडले.

बागबाजार म्हणजे उत्तर कलकत्त्यातील नदीकाठची जुनी वस्ती. पुढे १८९८ साली भगिनी निवेदितांनी मुलींची शाळा काढली ती याच बागबाजारात, आणि श्रीरामकृष्णांच्या पत्नी शारदादेवी यांचे अखेरच्या वर्षांतले वास्तव्यही इथलेच. पण १८६६ साली तिथे एक तरुण हलवाई दुसऱ्यांदा नशीब काढायला बसला होता एवढेच. संदेश तर गल्लोगल्ली मिळत होता. जे सगळीकडे मिळते ते याच्याकडून कोणी का घ्यावे? आपले काहीतरी वेगळे पाहिजे, ही तळमळ त्याला लागली.

त्याच्या मनात एक रसाळ मिठाई होती. छान्याचा गोळा साखरेच्या पाकात शिजवावा आणि पाक त्याच्या पोटात शिरावा. बोलायला सोपे, पण छान्याचा गोळा उकळत्या पाकात टाकला की फुटतो आणि सगळा चुरा होतो. मी स्वतः हे पाहिले आहे म्हणून सांगते. छाना ओला राहिला तर गोळा विरघळतो, फार कोरडा झाला तर त्याला भेगा पडतात आणि तो फुटतो. पाक दाट असला तर तो आत शिरतच नाही. आच मंद असली तर गोळा फुगत नाही, बसून राहतो. यातली एकेक गोष्ट कळायला किती दुधाची नासाडी झाली असेल, आणि ती सुद्धा एक दुकान बुडवून बसलेल्या माणसाची!

१८६८ साली त्याला हे साधले. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. बाहेरून पांढरा, आत जाळीदार, दाबला तर पाक सोडणारा आणि सोडला तर पुन्हा फुगणारा असा रसगुल्ला तयार झाला.

नवीनचंद्रांच्या पत्नीचे नाव क्षीरोदमणी. क्षीरोद म्हणजे दुधाचा समुद्र; हलवायाच्या बायकोला याहून शोभेसे नाव कोठून आणणार! या बाई भोला मयरा यांची नात. मयरा म्हणजे हलवाई. भोला मयरा मिठाईही विकीत आणि कविगानाच्या फडातही उभे राहत. कविगान म्हणजे आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याच्या सवाल-जबाबासारखा प्रकार. अँटनी फिरंगी नावाच्या पोर्तुगीज वंशाच्या कवीशी झालेले त्यांचे सामने बंगालात अजून आठवतात. अशा घरची मुलगी दूध, छाना, पाक यांच्या वासातच वाढलेली असणार. नवऱ्याने पहिला गोळा दाखविला तेव्हा तिने बोटाने दाबून काहीतरी सुचविले असेल असे मला आपले वाटते. हा माझा बायकी तर्क. तो कुठे लिहिलेला नाही.

नवा पदार्थ निघाला म्हणून लगेच गिऱ्हाइकांची रांग लागली असे नव्हे. तो कसा प्रसिद्ध झाला याची एक गोष्ट बंगालात सांगतात. एके दिवशी भगवानदास बागला नावाचे एक धनवान मारवाडी लाकूडव्यापारी घोडागाडीतून मुलाबाळांसह चालले होते. एका मुलाला तहान लागली म्हणून गाडी नवीनचंद्रांच्या दुकानापुढे थांबली. कोणी पाणी मागितले तर नुसते पाणी पुढे करू नये ही रीत आपल्याकडेही आहे, आपण गुळाचा खडा तरी देतो. नवीनचंद्रांनी मुलाला पाण्याबरोबर एक रसगुल्ला दिला. मुलाला तो इतका आवडला की त्याने वडिलांना खायला लावला, आणि शेठजींनी घरच्यांसाठी आणि मित्रमंडळींसाठी पुष्कळ रसगुल्ले खरेदी केले. मग शेठजींच्या ओळखीच्या घरांतून मागणी येऊ लागली आणि दुकान उभे राहिले.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे चरित्र निवडले ती सांगते. आपल्या देशात पेटंटचा पहिला कायदा १८५६ सालीच झाला होता. परंतु नवीनचंद्रांनी रसगुल्ल्यावर असा कोणताही हक्क घेतला नाही. उलट, शिकायला आलेल्या इतर हलवायांना त्यांनी कृती दाखविली. म्हणूनच रसगुल्ला बागबाजारातून सगळ्या कलकत्त्यात आणि पुढे सगळ्या बंगालात पसरला. मातीच्या हंड्या भरभरून तो लग्नकार्यांत जाऊ लागला. जो तो हलवाई आपल्या नावाने विकू लागला, आणि करणाऱ्याचे नाव मागे राहिले. आज आपल्याकडे वाण्याच्या दुकानात मिळतात ते डबे पुष्कळदा बिकानेरच्या मिठाईवाल्यांचे असतात. त्यावर नवीनचंद्रांचे नाव कुठून असणार?

दीदींनी मला हे सांगितले तेव्हा मी वर पाहू शकले नाही. कारण दिवाळीला मी फराळाच्या ऑर्डरी घेते, आणि माझे अनारसे आपल्या गल्लीत नावाजलेले आहेत. चार वर्षांपूर्वी गल्लीत नव्याने आलेली एक सून माझ्याकडे अनारशाची कृती विचारायला आली होती. मी तिला तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत सुकवून दमट असतानाच कुटायचे, गूळ आणि पिठी किती, सारे सांगितले. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. माझी ऑर्डर जाईल ही भीती होती, दुसरे काही नाही. तिचे अनारसे तुपात सोडताच हसले, म्हणजे पसरून त्यांचा चुरा झाला. लग्नानंतरची तिची पहिली दिवाळी होती आणि सासरची माणसे जेवायला बसलेली होती. ती माझ्यावर रागावली नाही. आपलाच हात वाईट, असे ती सगळ्यांना सांगत असे आणि मी ते ऐकून घेत असे.

ती गोष्ट आता इथे लिहिते. थोडी कोरडी पिठी, मूठ-दोन मुठी, आधीच वेगळी काढून ठेवायची. गुळात मळलेला गोळा चार-पाच दिवस डब्यात मुरू द्यायचा आणि मग आधी एकच अनारसा तळून पाहायचा. हसला तर घाबरायचे नाही. ठेवलेल्या पिठीतली थोडी घालून पुन्हा मळायचे. खसखशीची बाजू वर ठेवायची, उलटायचा नाही. ती भगिनी आपल्या मंडळाची सभासद आहे, स्मरणिका तिच्याही घरी जाईल.

असो. मी चरित्राकडे वळते. रसगुल्ल्याखेरीज नवीनचंद्रांनी संदेशाचेही नवे प्रकार काढले. त्यातल्या एकाचे नाव आबार खाबो, म्हणजे पुन्हा खाईन! असे नाव ठेवणारा माणूस गमत्या असला पाहिजे. त्यांचे चिरंजीव कृष्णचंद्र यांचा जन्म १८६९ चा, रसगुल्ल्याहून एक वर्षाने धाकटे. आपण जिला रसमलई म्हणतो ती मिठाई या कृष्णचंद्रांची असे मानतात. नवीनचंद्र १९२५ साली वारले, ऐंशी वर्षांचे होऊन. त्यांच्या मागे १९३० साली कृष्णचंद्रांनी आपला मुलगा शारदाचरण याला बरोबर घेऊन के. सी. दास हे दुकान काढले, आणि या घराण्याने रसगुल्ला हवाबंद डब्यात भरला. त्यामुळे दोन दिवसांत आंबणारा हा पदार्थ दूरच्या प्रवासाला निघाला.

मध्यंतरी बंगाली माणसांवर एक संकट आले होते. १९६५ साली दुधाची टंचाई होती म्हणून मुख्यमंत्री प्रफुल्लचंद्र सेन यांच्या सरकारने छान्याच्या मिठाईवरच बंदी घातली. मुलांना दूध मिळावे हा हेतू चांगला होता, पण बंगाल्याला रसगुल्ला खाऊ नको म्हणणे म्हणजे आपल्याला गणपतीत मोदक करू नका म्हणण्यासारखेच. पुढे ती बंदी उठली.

अलीकडे तर रसगुल्ल्यावरून दोन राज्यांत वाद झाला. ओरिसातील भगिनींचे म्हणणे असे की रसगुल्ला मूळचा त्यांचा. रथयात्रा आटोपून जगन्नाथ परत येतात तेव्हा आपल्याला घरी टाकून गेले म्हणून लक्ष्मी रुसून दार लावून घेते, आणि देव तिला रसगुल्ला देऊन तिची समजूत घालतात. पुरीला हा दिवस मोठ्या थाटाने साजरा होतो. शेवटी सरकारने २०१७ साली बंगालच्या रसगुल्ल्याला आणि २०१९ साली ओरिसाच्या रसगुल्ल्याला, असे दोघांनाही भौगोलिक मानांकन दिले. दोन्हींची चव आणि रंगही निराळे आहेत. ज्या माणसाने स्वतः हक्क मागितला नाही त्याच्या पदार्थासाठी एवढे कागद झाले, याची मला मौज वाटते.

दीदींच्या यजमानांची बदली झाली आणि ते बिऱ्हाड गेले. जाण्यापूर्वी त्यांनी मला समोर बसवून तीन वेळा रसगुल्ले करायला लावले. दूध गाईचेच पाहिजे, म्हशीच्या दुधाने गोळा चिवट होतो. लिंबू पिळून दूध फोडले की छाना फडक्यात घेऊन गार पाण्याने धुवायचा, नाहीतर आंबट वास राहतो. मग बांधून टांगायचा, आणि परातीत तळहाताने रगडून मळायचा तो हाताला तूप लागेपर्यंत. गोळ्याला केसाएवढीही चीर नको. पाक अगदी पाण्यासारखा पातळ, मोठ्या आचेवर फेसाने उकळता पाहिजे. दाटू लागला की पाण्याचा हबका मारायचा. एवढे सगळे करूनही माझे चार-पाच गोळे दर वेळी दडस होतातच. ते मी मुलांना देत नाही, मीच खाते.