अदृश्य कणांची मोजदाद

जालना जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत पूर्वी धान्य पायलीने मापीत असत. पायलीभर ज्वारीत जितके दाणे मावतात, तितके पायलीभर हरभऱ्यात मावत नाहीत. कारण हरभऱ्याचा दाणा टपोरा असतो. माप तेच, पण दाण्यांची संख्या निराळी. वायूंच्या बाबतीत मात्र निसर्गाची रीत वेगळी आहे. ती रीत ज्याने प्रथम ओळखली, त्या इटालियन शास्त्रज्ञाचे नाव अमेदेओ ॲव्होगॅड्रो.

ॲव्होगॅड्रोचा जन्म ९ ऑगस्ट १७७६ रोजी ट्युरिन शहरी एका कायदेपंडितांच्या घराण्यात झाला. घराण्याच्या परंपरेस अनुसरून त्याने कायद्याचा अभ्यास केला आणि १७९६ साली त्या विषयातील सर्वोच्च पदवी मिळविली. परंतु त्याच्या मनाची ओढ गणित आणि पदार्थविज्ञान यांकडे होती. १८०० सालापासून त्याने या विषयांचे अध्ययन स्वतःच आरंभिले आणि १८०९ साली तो व्हर्चेल्ली या गावी विद्यालयात अध्यापक झाला.

त्या सुमारास रसायनशास्त्रज्ञांपुढे एक कोडे उभे होते. फ्रान्समधील गे-ल्युसॅक याने १८०८ साली दाखवून दिले होते की, वायूंचा संयोग सोप्या प्रमाणात होतो. दोन लिटर हायड्रोजन आणि एक लिटर ऑक्सिजन यांचा संयोग झाला, की त्याच तापमानास व दाबास मोजलेली वाफ तीन लिटर न भरता दोनच लिटर भरते. आता प्रत्येक लिटरात सारखेच कण असतात असे मानले, तर ऑक्सिजनच्या शंभर कणांपासून वाफेचे दोनशे कण होतात. वाफेच्या प्रत्येक कणात ऑक्सिजन हा असतोच. मग ऑक्सिजनच्या प्रत्येक कणाची दोन शकले झाली म्हणावयाची काय? अणू अभंग आहे, असे इंग्लंडमधील थोर शास्त्रज्ञ डाल्टन याचे मत होते. त्यामुळे त्याने ही कल्पना त्याज्य ठरविली.

१८११ साली एका फ्रेंच निबंधात ॲव्होगॅड्रोने हे कोडे उलगडले. ऑक्सिजनचा सुटा कण म्हणजे एकटा अणू नव्हे, तर दोन अणूंची जोडी, म्हणजेच रेणू होय. संयोगाच्या वेळी ही जोडी फुटते. अणू मात्र अभंगच राहतो. यावरून त्याने नियम सांगितला : तापमान व दाब सारखे असता कोणत्याही वायूच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते. धान्याचे दाणे एकमेकांस चिकटून बसतात, तर वायूचे रेणू एकमेकांपासून दूर दूर असतात. म्हणून रेणू लहान असो वा मोठा, संख्येत फरक पडत नाही.

परंतु या विचाराची उपेक्षा झाली. एकाच जातीचे दोन अणू परस्परांशी जोडले जाणे अशक्य आहे, अशीच त्या काळच्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांची समजूत होती. १८२० साली ट्युरिनच्या विद्यापीठात ॲव्होगॅड्रोला प्राध्यापकाचे पद लाभले. पण राजकीय अशांततेनंतर १८२२ साली ते काढून घेण्यात आले. १८३४ साली ते त्यास पुन्हा मिळाले आणि १८५० पर्यंत त्याने तेथे अध्यापन केले. ९ जुलै १८५६ रोजी त्याचा देहान्त झाला. आपला नियम जगाने स्वीकारल्याचे पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

पुढे चारच वर्षांनी, १८६० साली, जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे निरनिराळ्या देशांतील रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तेव्हा अणूंच्या वजनांबद्दल एवढा गोंधळ होता की, पाण्याचे सूत्रदेखील सर्वजण सारखे लिहीत नसत. ॲव्होगॅड्रोचा नियम मानला, तर हा गोंधळ मिटतो, हे कान्निझारो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने तेथे पटवून देण्याचा प्रयत्न केला. त्याची पुस्तिका परिषदेत वाटण्यात आली. ती वाचून अनेकांचे शंकानिरसन झाले आणि हळूहळू हा नियम सर्वमान्य झाला.

शून्य अंश सेल्सिअस तापमानास आणि वातावरणाच्या सामान्य दाबास कोणत्याही वायूच्या सुमारे २२.४ लिटरांत किती रेणू असतात, हेही पुढे शास्त्रज्ञांनी शोधून काढले. ६०२ च्या पुढे एकवीस शून्ये मांडली, म्हणजे ती संख्या जवळजवळ मिळते. ॲव्होगॅड्रोला स्वतःला ही संख्या ठाऊक नव्हती. तरीही फ्रेंच शास्त्रज्ञ पेरँ याने १९०९ साली तिला त्याचेच नाव दिले. कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांची मोजदाद करण्याची वाट त्यानेच प्रथम दाखविली होती.