सत्येंद्रनाथ बोस : मोजणीची नवी रीत

थंडी ठरावीक अंशापर्यंत वाढली की पाण्याचा बर्फ होतो. याला अवस्थांतर म्हणतात. अशाच एका निराळ्या अवस्थांतराचा पाया ज्यांच्या गणिताने घातला, ते थोर शास्त्रज्ञ म्हणजे सत्येंद्रनाथ बोस.

१ जानेवारी १८९४ रोजी कोलकात्यात त्यांचा जन्म झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजात मेघनाद साहा त्यांचे सहाध्यायी होते. १९२१ साली बोस नव्या ढाका विद्यापीठात रुजू झाले. तेथे प्रकाशकणांचे गणित मांडताना त्यांनी हे कण एकमेकांपासून वेगळे ओळखताच येत नाहीत, असे धरले.

याने काय फरक पडतो? दोन लाडू दोन डब्यांत ठेवून पाहा. लाडू वेगळे ओळखू येत असतील तर मांडणीचे चार प्रकार होतात. त्यांपैकी दोनांत लाडू एकाच डब्यात असतात. ओळखू येत नसतील तर प्रकार तीनच उरतात, पण एकत्र असण्याचे दोन तसेच राहतात. प्रत्येक प्रकार सारखाच संभवनीय मानला, तर एकत्र येण्याची शक्यता वाढते. मांडणीच्या अशा प्रकारांवरूनच एन्ट्रॉपी मोजतात.

१९२४ साली बोस यांनी आपला निबंध थेट आइन्स्टाइन यांच्याकडे पाठवला. आइन्स्टाइन यांनी त्याचा स्वतः जर्मन अनुवाद करून तो छापवून घेतला आणि तीच मोजणी अणूंना लावली. अतिशय थंडीत असंख्य अणू एकाच अवस्थेत गोळा होतील, असे त्यातून निघाले. वायूच्या अणूंवर हे प्रयोगाने दिसायला १९९५ साल उजाडले. त्याबद्दल २००१ साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. बोस यांना ते कधीच लाभले नाही. ४ फेब्रुवारी १९७४ रोजीच त्यांचे निधन झाले होते. मात्र ही मोजणी पाळणारे कण जगभर ‘बोसॉन’ म्हणूनच ओळखले जातात.

मातृभाषेतून विज्ञान शिकवता येते, यावर बोस यांची निष्ठा होती. त्यासाठी १९४८ साली त्यांनी बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली. आपल्या हैदराबादेतही १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूतून विज्ञान शिकवून दाखवले होते.

नारायणगुड्यातल्या आपल्या मुलांच्या कानावर रोज तीन-चार भाषा पडतात. पालकांनी आठवड्यातून एकदा तरी विज्ञानाचा एखादा धडा त्यांच्याकडून घरी मराठीत समजून घ्यावा. जे आईला, आजीला सांगता येते, ते खरे समजलेले असते.