विश्लेषण : रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या पुस्तकातून जन्मली का?

नागपूरच्या संविधान चौकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे आणि जवळच रिझर्व्ह बँकेची इमारत. ही बँक बाबासाहेबांच्या पुस्तकातूनच जन्मली, असे समाजमाध्यमांवर अनेकदा वाचायला मिळते. त्यात तथ्य किती?

पुस्तक कसे झाले?

सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात आणि १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज या बळावर १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. रुपयावरचा प्रबंध परीक्षकांनी सुधारायला लावला. मुंबईतून तो दुरुस्त करून पाठवल्यावर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली आणि त्याच वर्षी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ प्रसिद्ध झाले. मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी मतभेद नोंदवूनही प्रस्तावना लिहिली.

वाद कशाचा होता?

रुपया चांदीचा, ब्रिटनचा पौंड सोन्याचा. १८७३ नंतर चांदी स्वस्त होत गेली आणि सुमारे दोन शिलिंगांचा रुपया वीस वर्षांत सव्वा शिलिंगावर आला. लंडनची देणी मात्र पौंडातच भरायची, म्हणजे तेवढ्याच देण्यासाठी इथल्या करदात्याचे जास्त रुपये जात. १८९३ मध्ये सरकारने चांदी आणून देणाऱ्याला रुपये पाडून देणे बंद केले. पुढे रुपयाचा भाव सोन्याशी बांधला, पण किती रुपये पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर राहिले.

केन्स यांनी १९१३ च्या पुस्तकात या व्यवस्थेची पाठराखण केली होती. बाबासाहेबांचा आक्षेप नेमका त्या मर्जीवर होता. चलन वाढले की भाव चढतात, मजुरी मागे राहते. स्वस्त रुपयाने निर्यातदाराला होणारा फायदा परदेशातून येत नाही, तो इथल्याच मजुराच्या खिशातून जातो, हे त्यांनी दाखवले. उपाय कठोर होता : नवे रुपये पाडणे कायमचे थांबवा, सोन्याचे नाणे चालवा.

मग बँकेचे काय?

१९२५ मध्ये त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. त्याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. संबंध एवढाच. पुस्तकाचा भर बँक काढण्यावर नव्हता, चलन काढणाऱ्याचे हात बांधण्यावर होता, आणि ते अधिक धाडसी होते.

१९४७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. १९२३ नंतरचा इतिहास पुढच्या खंडात लिहिण्याचा त्यांचा बेत होता. तो खंड आला नाही.