दोन नोबेल मिळवणाऱ्या शास्त्रज्ञाने जगाला व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांचं वेड कसं लावलं?

लातूर असो की नांदेड, पोलीस भरती जवळ आली की पहाटेच मैदानं भरतात. १६०० मीटरची वेळ दोन-चार सेकंदांनी कमी करण्यासाठी पोरं जीव तोडून पळतात. अशात कुणीतरी सांगतं, व्हिटॅमिन सी आणि ईच्या गोळ्या सुरू कर, थकवा येणार नाही.

या गोळ्यांना घराघरात पोहोचवणाऱ्यांमध्ये एक नाव सगळ्यात मोठं आहे, ते म्हणजे लायनस पॉलिंग.

पॉलिंग यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९०१ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये झाला. वडिलांचं औषधाचं दुकान होतं. लायनस नऊ वर्षांचे असताना वडील वारले आणि घरावर ओढाताणीचे दिवस आले. तरीही कामं करत ते शिकले आणि १९२५ मध्ये कॅलटेकमधून पीएचडी झाले.

अणू एकमेकांना कसे धरून ठेवतात, हे त्यांनी उलगडून दाखवलं. नांदेडच्या किनवट भागातल्या आदिवासी कुटुंबांतही आढळणारा सिकल सेल हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या दोषामुळे होतो, हे १९४९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच दाखवलं.

१९५४ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे अणुचाचण्यांविरोधात त्यांनी हजारो शास्त्रज्ञांच्या सह्या गोळा केल्या आणि १९६२ चं शांततेचं नोबेलही मिळवलं. कुणाशीही वाटून न घेता दोन नोबेल मिळवणारे ते आजवरचे एकमेव.

मग गाडी व्हिटॅमिनकडे कशी वळली?

१९६६ मध्ये आयर्विन स्टोन यांचं त्यांना पत्र आलं. रोज ३ ग्रॅम व्हिटॅमिन सी घ्या, जास्त जगाल, असा त्यातला सल्ला होता. पॉलिंग आणि पत्नी एव्हा यांनी तो मानला. सर्दी कमी झाल्याचं त्यांना जाणवलं.

१९७० मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं आणि गोळ्यांचा खप प्रचंड वाढला. लिहिणारा दोनदा नोबेल मिळवलेला, मग शंका कोण घेणार? पुढे ते स्वतः रोज १८ ग्रॅमपर्यंत घेऊ लागले. भारतात प्रौढ पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम पुरेसं मानलं जातं. म्हणजे हा डोस दोनशे पटींहून जास्त झाला.

व्हिटॅमिन सी कॅन्सरवरही चालतं, असं ते म्हणू लागले. मेयो क्लिनिकच्या १९७९ आणि १९८५ च्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. पॉलिंग यांनी ते निष्कर्ष मानले नाहीत. १९८१ मध्ये एव्हा पोटाच्या कॅन्सरने गेल्या. १९ ऑगस्ट १९९४ रोजी ९३ व्या वर्षी पॉलिंगही प्रोस्टेट कॅन्सरने गेले.

पळणाऱ्यांचं काय?

पळताना शरीरात फ्री रॅडिकल्स वाढतात. ते घातक, म्हणून अँटिऑक्सिडंट घेऊन संपवा, असा हिशोब पुढे रूढ झाला. पण हेच फ्री रॅडिकल्स स्नायूंना निरोपही देतात की ताण वाढलाय, तयारी वाढवा. त्यावरून पेशीत ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात. गोळीचा मोठा डोस हा निरोपच दाबू शकतो.

२००९ मध्ये जर्मनीत तरुणांना चार आठवडे व्यायाम दिला गेला. त्यातल्या काहींना रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई दिलं. व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम सुधारतो, तो फायदा गोळी घेणाऱ्यांत दिसला नाही.

२०१४ मध्ये नॉर्वेत ५४ जणांवर ११ आठवडे प्रयोग झाला. तिथे गोळी घेणाऱ्यांच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रियाच्या वाढीच्या खुणा कमी दिसल्या. दम मात्र दोन्ही गटांचा सारखाच वाढला. म्हणजे गोळीने पळणं बिघडलं नाही, पण सुधारलंही नाही.

पॉलिंग पूर्णच चुकले, असंही नाही. सामान्य लोकांना रोजच्या व्हिटॅमिन सीने सर्दी टळत नाही. पण मॅरेथॉनपटू, कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक अशा सुमारे ६०० जणांवरच्या पाच चाचण्यांत सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं.

आवळा, पेरू, लिंबू यांत सी असतं आणि मराठवाड्यातल्या करडईच्या तेलात ई. जेवणातून मिळणारी ही मात्रा गोळीच्या मोठ्या डोसपेक्षा खूप कमी असते, त्यामुळे ती सरावाच्या आड येईल अशी भीती नाही. डॉक्टरांनी कमतरता आहे म्हणून गोळी दिली असेल, तर ती जरूर घ्यावी. नाहीतर भरतीच्या तयारीत तेच पैसे दूध, अंडी आणि शेंगदाण्यांवर घातलेले बरे.