डॅनियल बोव्हे : अ‍ॅलर्जीच्या गोळीमागचे शास्त्रज्ञ

सर्दीची किंवा अंगावर पित्त उठल्यावरची गोळी घेतली की झोप का येते, असे रुग्ण नेहमी विचारतात. या गोळ्यांची सुरुवात ज्यांच्या प्रयोगशाळेत झाली, त्या डॅनियल बोव्हे यांच्या आयुष्यात या प्रश्नाचा धागा सापडतो.

बोव्हे यांचा जन्म २३ मार्च १९०७ रोजी स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे झाला. मुले कशी शिकतात, हा त्यांच्या वडिलांच्या अभ्यासाचा विषय होता. डॅनियल मात्र प्राणिशास्त्राकडे वळले आणि १९२९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले.

हिस्टामिन हे आपल्याच शरीरात तयार होणारे रसायन. अ‍ॅलर्जीत ते बाहेर पडले की खाज सुटते, नाक वाहते, अंगावर गांधी उठतात. त्याला अडवणारे औषध तेव्हा नव्हते. १९३७ मध्ये बोव्हे आणि त्यांच्या सहकारी अ‍ॅन-मारी स्टॉब यांना असे पहिले रसायन सापडले. जीवघेण्या मात्रेत हिस्टामिन दिलेले गिनी पिग त्यामुळे वाचत. पण ते माणसांना देण्याइतके सुरक्षित नव्हते. शोध सुरू राहिला आणि १९४४ मध्ये त्यांनी मेपिरामिन हे वापरण्याजोगे औषध पुढे आणले.

१९३८ मध्ये त्यांनी फिलोमेना निट्टी यांच्याशी लग्न केले. पुढे आयुष्यभर दोघांनी प्रयोगशाळेतही एकत्र काम केले. १९४७ मध्ये ते रोमला गेले. १९५७ मध्ये बोव्हे यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यानंतर ते वडिलांच्या विषयाकडे वळले, मात्र वेगळ्या वाटेने. उंदीर कसे शिकतात, काय लक्षात ठेवतात आणि औषधांनी त्यात काय फरक पडतो, याचा अभ्यास त्यांनी रोममध्ये केला. ८ एप्रिल १९९२ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

आता झोपेचे कारण. मेंदूत हिस्टामिन आपल्याला जागे आणि सावध ठेवते. क्लोरफेनिरामिनसारखी जुनी औषधे मेंदूत शिरतात आणि तिथल्या एच-१ ग्राहींवर हिस्टामिनचे काम रोखतात. म्हणून गुंगी येते, लक्ष लागत नाही. फेक्सोफेनाडिनसारखी नवी औषधे मेंदूत फारच कमी जातात.

१९८३ मध्ये पॅरिसमधील संशोधकांनी एच-३ ग्राही शोधला. तो हिस्टामिनच्या स्रावाला लगाम घालतो. त्यालाच अडवले तर मेंदूतील हिस्टामिन वाढते. अशा औषधांचा स्मरणशक्तीवरील परिणाम प्रयोगशाळेत प्राण्यांवर तपासला गेला आहे. त्यातले पिटोलिसंट दिवसा अनावर झोप येण्याच्या नार्कोलेप्सी या आजारात वापरले जाते. पण स्मरणशक्ती वाढवण्यासाठी यातले एकही औषध मान्य झालेले नाही. तसा दावा कोणी केला तर विश्वास ठेवू नका.

घरातील आजी-आजोबा सर्दीचे औषध सुरू केल्यावर अचानक गोंधळल्यासारखे वागू लागले, तर वयामुळे विसरायला लागले असे परस्पर ठरवू नका. दुकानातून आणलेल्या गोळ्या आणि खोकल्याच्या बाटल्यांसह सगळी औषधे घेऊन त्यांना लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि गुंगी आणणारी गोळी घेतली असेल, तर गाडी चालवू नका.