अमळनेरच्या छात्रालयांतील साने गुरुजी

शाळा चालवावयाची म्हणजे इमारत पाहिजे, पैसा पाहिजे, सामानसुमान पाहिजे. अमळनेरास दानशूर श्रीमंत प्रतापशेटजींच्या नांवाचें हायस्कूल आहे. पण घर सोडून आलेल्या मुलांस सांभाळणारें माणूस पैशानें विकत मिळत नाहीं. तें तेथें लाभलें, म्हणून त्या माणसाचें अल्प चरित्र आम्हीं येथें देत आहों.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजीं कोंकणांत पालगड येथें झाला. घराणें खोताचें, परंतु दिवस ओढगस्तीचे. विद्येसाठीं दापोली, औंध, पुणें असें हिंडावें लागलें. औंधास हातानें रांधून खात, आणि तेंहि नेहमीं पोटभर नसे. १९१७ सालीं आई निवर्तली. पुढें ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरांत अभ्यासास आले. तेथें मन रमलें नाहीं, तेव्हां १९२४ सालीं हायस्कुलांत शिक्षक झाले, आणि छात्रालयाची व्यवस्थाहि त्यांजकडे आली.

ज्या आमच्या बांधवांनीं मिशनच्या बोर्डिंगांत दिवस काढले असतील, त्यांस वसतिगृह म्हणजे काय हें सांगावयास नको. कोणाचें अंथरूण पसरलेलें, कोणाचे कपडे मळलेले, कोणी तापानें पडलेला. अशा ठिकाणीं छडी व दंड हींच व्यवस्थापकाचीं हत्यारें. गुरुजींनीं तीं उचललींच नाहींत. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, पुस्तकें व अंथरुणें नीट लावून ठेवीत, मळके कपडे धुवून टाकीत, आजाऱ्याच्या उशाशीं बसत. आता कोणी म्हणेल, अशानें मुलें ऐदी होतील. शंका रास्त आहे, आणि दुसऱ्या कोणाच्या हातून कदाचित् तसें झालेंहि असतें. येथें मात्र मुलें लाजलीं आणि आपापलीं कामें करूं लागलीं.

पैशाचीहि तीच तऱ्हा. पगारांतला बराच भाग गरीब विद्यार्थ्यांच्या गरजांकडे जाई. हिशेबी माणसास हें पटणार नाहीं. संसारी माणसास तर जमणारच नाहीं. छात्रालयाचें एक दैनिक ते स्वहस्तें लिहून काढीत. त्यास छापखाना नको, वर्गणी नको. कागद, शाई आणि रात्रीची झोंप एवढाच खर्च. पुढें ‘विद्यार्थी’ नांवाचें मासिकहि त्यांनीं काढलें.

१९३० सालीं नोकरी सोडून ते सत्याग्रहांत शिरले. अधिकाराची जागा दुसऱ्यास देतां येते, अशी रीत देतां येत नाहीं, हें त्यांच्या पद्धतींतील उणेंच म्हणावें लागेल. नंतर तुरुंग आले. त्यांतच नाशिकास १९३३ सालीं ‘श्यामची आई’ लिहून झाली. १९४७ सालीं पंढरपुरचें मंदिर हरिजनांस खुलें व्हावें म्हणून त्यांनीं उपोषण केलें, १९४८ सालीं ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलें, आणि ११ जून १९५० रोजीं ते गेले. अमळनेरास ते शिक्षक होते अवघीं सहा वर्षें. पण गुरुजी हें नांव त्यांस कायमचें चिकटलें.